टेप लावणारीनेच टेपचा हिशेब मांडला: माझ्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूची हकीकत

एमपीटीचा (फिजिओथेरपीतल्या मास्टर्सचा) प्रबंध जमा झाला, व्हायवा झाली आणि लगेच ज्युनिअर्सचे मेसेज सुरू झाले: "ताई, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू घेऊ का? सोपा असतो ना?" सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावर आधी झालेले सगळे अभ्यास ठरलेल्या नियमांनी शोधून, तपासून एकत्र मांडणं. प्रत्येकीला व्हॉइस नोट पाठवत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. माझा अनुभव फिजिओथेरपीचा आहे, पण नर्सिंग, डेंटल, आयुर्वेद, कुठल्याही शाखेच्या पीजीला यातलं निम्मं तरी उपयोगी पडावं.

नौपाड्यात माझं छोटं क्लिनिक आहे, दहा-बारा वर्षं झाली. २०२३ च्या शेवटी नवी मुंबईतल्या एका खासगी कॉलेजात एमपीटीला प्रवेश घेतला. सकाळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर, संध्याकाळी क्लिनिक, मधल्या वेळात मुलीचा अभ्यास. पेशंट गोळा करून आठवडेच्या आठवडे फॉलोअप घेणं मला झेपणारं नव्हतं. "रिव्ह्यू घे, घरबसल्या होतो," असं जो तो सांगत होता. पेशंट लागत नाहीत हे खरं. घरबसल्या होतो ही निव्वळ अफवा.

विषय टेपिंगचाच, म्हणजे दुखऱ्या भागावर चिकटपट्टी लावण्याचा, घ्यायचा हे माझ्या डोक्यात पक्कं होतं, कारण क्लिनिकमध्ये मी ते रोज करते. गाइड मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, "टेपचा उपयोग होतो असं तुला वाटतं?" मी म्हटलं, "हो, पेशंट सांगतात ना." त्या म्हणाल्या, "मग तू सगळ्यात आधी नियम लिहून काढ. कुठले अभ्यास घेणार, कुठले नाही, दुखणं कशावर आणि कधी मोजलेलं धरणार. एकदा आकडे दिसले की आपल्याला हवा तो नियम आपोआप सुचायला लागतो." तेव्हा मला हे जरा जास्तच कडक वाटलं. नंतर दीड वर्ष प्रत्येक वळणावर हेच वाक्य आडवं आलं.

मला गुडघा हवा होता. पण प्रॉस्पेरोवर शोधलं तर गुडघा आणि टेप या जोडीवर आधीच रांग लागलेली. प्रॉस्पेरो म्हणजे इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाने २०११ मध्ये सुरू केलेली रिव्ह्यूंची नोंदवही. जगात कोण कशावर रिव्ह्यू करतंय ते तिथे फुकट बघता येतं. विषय ठरवण्याआधी एक संध्याकाळ तिथे घालवा. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) मंजूर झाल्यावर "हे तर झालंय" असं कळणं फार महागात पडतं. मी गुडघा सोडला आणि टाचेवर आले: प्लांटर फॅशियायटिस, म्हणजे सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या पावलाला जीव जातो ते दुखणं.

मग कागदपत्रं. जानेवारी २०२४ मध्ये सिनॉप्सिस वैज्ञानिक समितीपुढे गेला. तिथल्या एका सरांनी विचारलं, "सॅम्पल साइझ कुठे आहे?" रिव्ह्यूमध्ये माणसं निवडत नाहीत, अभ्यास निवडतात, हे समजावण्यात माझी वेळ संपली. तुम्ही सिनॉप्सिसमध्येच एक ओळ टाका: "समाविष्ट अभ्यासांची संख्या शोधाच्या निष्पत्तीवर अवलंबून राहील." तो रकाना रिकामा दिसला की प्रश्न येतोच.

पुढे एथिक्स कमिटी. सार्वजनिक, प्रकाशित माहितीवरच्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सूट मिळू शकते. पण सूट आहे हे आपण ठरवायचं नसतं, कमिटीने ठरवायचं असतं. म्हणजे सूट मिळावी म्हणूनही पूर्ण अर्ज, फी आणि प्रत्येक सदस्यासाठी एकेक स्पायरल बाइंडिंग प्रत. ठाणे स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याने गठ्ठा बघून विचारलं, "मॅडम, कोर्टाचं आहे का?" फी आणि प्रती मिळून साडेचार हजारांच्या आसपास गेले. मग फाइल "पुढच्या मीटिंगला", मग परीक्षा, मग कोरम नाही. पत्र हातात पडायला मे उजाडला. पत्रात एकच परिच्छेद होता.

ते महिने फुकट घालवू नका. मी तेवढ्यात प्रॉस्पेरोचा फॉर्म कच्चा लिहून ठेवला आणि पत्र आल्याबरोबर भरून टाकला. नोंदणीला पैसे पडत नाहीत. नंबर यायला काही आठवडे लागले. सीआरडी४२० ने सुरू होणारा तो नंबर पुढे प्रबंधात आणि पेपरात सगळीकडे लागतो. नोंदणी डेटा काढायला घेण्याआधी झाली पाहिजे, आणि नंतर केलेला प्रत्येक बदल तारखेसकट तिथे सगळ्यांना दिसत राहतो. स्कोपिंग रिव्ह्यू, म्हणजे विषयावर काय काय संशोधन झालंय याचा नुसता आढावा, तिथे घेत नाहीत. आमच्या बॅचच्या एकीला हे फॉर्म भरल्यावर कळलं.

माझ्या नोंदीत एक ओळ होती जी लिहिताना किरकोळ वाटली होती: न ताणणारी साधी टेप आणि ताणली जाणारी किनेसिओ टेप यांचे निकाल वेगवेगळे मांडले जातील. ही ओळ लक्षात ठेवा.

शोधाच्या कामात मला तारलं ते लायब्ररीतल्या मॅडमनी. पीजीची मुलं लायब्ररीत एसीसाठी येतात असं त्यांचं ठाम मत आहे, पण कुणी खरंच काही विचारलं तर खुर्ची ओढून बसतात. टाचदुखीला वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या दशकांत काय काय म्हटलंय याची यादी आम्ही केली आणि त्याची सर्च स्ट्रिंग (डेटाबेसात टाकायची शोधशब्दांची ओळ) बांधली. शोधले ते संशोधनाचे डेटाबेस: पबमेड, कॉक्रेन या रिव्ह्यू करणाऱ्या जागतिक संस्थेचं सेंट्रल, फिजिओंचं पेड्रो आणि कॉलेजकडे होतं ते सिनाल. एम्बेस हा आणखी एक डेटाबेस कॉलेजकडे नव्हता. ते प्रबंधाच्या मर्यादांमध्ये सरळ लिहून टाकलं. गुगल स्कॉलरचा आकडा त्यांनी लिहू दिला नाही: "आज एक येईल, उद्या दुसरा. परीक्षकाने तोच शोध पुन्हा केला तर तोच आकडा यायला हवा." प्रत्येक डेटाबेसची स्ट्रिंग जशीच्या तशी, तारखेसह, वेगळ्या फाइलीत ठेवा. प्रिझ्मा २०२० च्या (रिव्ह्यूत काय काय लिहिलं पाहिजे ते सांगणाऱ्या) २७ कलमांच्या यादीत ती मागतात, आणि सहा महिन्यांनी आठवणीतून ती लिहिता येत नाही.

डुप्लिकेट काढून बाराशेच्या आसपास शीर्षकं उरली. अशी शीर्षकं चाळायला रय्यान नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याची मोफत आवृत्ती मला पुरली. दोघांनी स्वतंत्रपणे चाळायचं, एकमेकांचा निर्णय दिसू नये म्हणून ब्लाइंड चालू ठेवायचं. दुसरी रिव्ह्यूअर म्हणून माझी ज्युनिअर तयार झाली, ऐरोलीची, क्लिनिकची सवय नसलेली, टेपबद्दल प्रेम नाही आणि रागही नाही अशी. हे नकळत फार चांगलं झालं. मी बरीचशी चाळणी ट्रेनमध्ये केली. ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून गाडी सुटता सुटता बसायला मिळालं तर नेरूळपर्यंत मोबाइलवर तीस-चाळीस शीर्षकं उरकतात. उभं राहून मात्र करू नये, अंगठा भलतीकडे पडतो. गणपतीच्या सुट्टीत मोदक वळताना सासूबाईंनी विचारलं, "अजून किती राहिलेत गं?" त्या मोदकांचं विचारत होत्या, मी रय्यानचा आकडा सांगितला.

पूर्ण पेपर मिळवणं हा वेगळा वैताग. वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही जर्नल्स वाचायला देणारी सरकारी योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली खरी, पण पहिल्या टप्प्यात सरकारी संस्थांसाठी. आमचं कॉलेज खासगी. मी आधी अनपेवॉल हे ब्राउझरमधलं फुकट एक्स्टेंशन वापरलं, आणि जे उरले त्यांच्या लेखकांना सरळ ईमेल केली. चार ओळींची ईमेल, पेपरचं नाव, आपण कोण, कशासाठी हवंय. बरेच जण पीडीएफ पाठवतात. एकाही पेपरला पैसे मोजावे लागले नाहीत.

चाळणीच्या शेवटी मूठभर ट्रायल्स (पेशंटचे गट करून उपचारांची तुलना करणारे अभ्यास) उरल्या आणि खरं काम सुरू झालं: प्रत्येक ट्रायलवर किती विश्वास ठेवायचा.

आम्हा फिजिओंना ट्रायलचा दर्जा मोजणारा पेड्रो स्केल पाठ असतो. अकरा कलमं, त्यातलं पहिलं गुणांत धरत नाहीत, म्हणून दहापैकी गुण. "सहा आले, म्हणजे बरी ट्रायल." गाइड मॅडमनी ते पुरेसं मानलं नाही, पक्षपाताचा धोका तपासणारं आरओबी-२ वापरायला लावलं. कॉक्रेनचं हे साधन २०१९ मध्ये नव्या रूपात आलं. त्यात बेरीज नाही. पाच भाग आहेत: वाटणी कशी झाली, ठरलेल्या उपचारापासून कुठे फारकत झाली, किती जणांची माहिती गळाली, मोजमाप कसं झालं, आणि मोजलेल्यातलं नेमकं काय छापायला निवडलं. प्रत्येकात छोटे प्रश्न, आणि शेवटी निवाडा: धोका कमी, काही शंका, किंवा धोका जास्त. शिवाय हे पूर्ण पेपरला एकदाच लावायचं नसतं, त्यातल्या एकेका निकालाला लावायचं असतं. एका पेपरला दोघींना मिळून सुरुवातीला अख्खी दुपार लागायची.

पहिला भाग वाचताना माझा अनेक वर्षांचा एक समज मोडला. "रॅंडमायझेशन केलं", म्हणजे कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, एवढं लिहिलं की झालं असं मी धरून चालत असे. पण एका पेपरात सोमवार-बुधवारी आलेल्यांना टेप आणि मंगळवार-गुरुवारी आलेल्यांना व्यायाम असं वाटप होतं. याला चिठ्ठ्या म्हणत नाहीत. आजचा वार कोणता हे डॉक्टरला माहीत असतं, आणि जास्त दुखणाऱ्या पेशंटला "उद्या या" म्हणणं त्याच्या हातात असतं. पुढचा माणूस कुठल्या गटात जाणार हे भरती करणाऱ्याला कळता कामा नये, म्हणून बंद, अपारदर्शक, क्रमांक टाकलेली पाकिटं किंवा दूरवरच्या फोनवरून वाटणी. हे नसलं तर किती बिघडतं? केनेथ शुल्झ आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये जामा या नियतकालिकात गर्भारपण-बाळंतपणाच्या क्षेत्रातल्या २५० ट्रायल्स तपासून दाखवलं, की ही लपवणूक अपुरी होती तिथे ऑड्स रेशोत (दोन गटांतल्या शक्यतांच्या गुणोत्तरात) उपचाराचा फायदा ४१ टक्क्यांनी फुगलेला होता, आणि ती केली की नाही हे स्पष्ट लिहिलं नव्हतं तिथे ३० टक्क्यांनी. मी हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. उरलेल्या पेपरांत "पाकीट" असा शब्द दिसला की ते अपारदर्शक होतं का, हे आधी शोधायची सवय लागली.

मोजमापाच्या भागावर, एका ट्रायलवरून, माझी आणि ज्युनिअरची खरी जुंपली. टेप लावलेली पेशंटला दिसते. दुखणं किती कमी झालं ते तोच सांगतो, म्हणजे मोजणारा तोच. आरओबी-२ तिथे दोन प्रश्न एकामागोमाग विचारतं: उपचार माहीत असल्याने मोजमापावर परिणाम होऊ शकला असता का? आणि तसा तो झाला असण्याची बरीच शक्यता आहे का? पहिल्याला आम्ही दोघी "हो" म्हणालो. दुसऱ्याला मी "नाही", ती "हो". माझं म्हणणं, टाचदुखीचा माणूस पट्टीच्या रंगाला भुलून पहिलं पाऊल सुखाचं झालं असं सांगणार नाही. तिचं म्हणणं, "ताई, दुसऱ्या गटाला काहीच दिलेलं नाहीये. एकाला निळी पट्टी, एकाला हात हलवत घरी. तुम्ही त्या जागी असता तर?" माझ्या उत्तराने निकाल "काही शंका" राहत होता, तिच्या उत्तराने "धोका जास्त". तिसरं मत मॅडमचं. त्यांनी आम्हाला तोच प्रश्न खोट्या टेपच्या ट्रायलवर विचारायला सांगितला, जिथे दुसऱ्या गटालाही ताण न देता पट्टी चिकटवलेली होती आणि कोणाला खरी हे पेशंटला कळत नव्हतं. तिथे मीच बिनदिक्कत "धोका कमी" म्हटलं होतं. मग पहिल्या ट्रायलला "धोका जास्त" लिहिण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

रिव्ह्यूला दोन माणसं लागतात ती काम वाटून घ्यायला असं बरेच जण धरतात आणि निम्मे पेपर तू, निम्मे मी असं करतात. तसं करू नका. दोघींनी सगळेच बघायचे. जिथे पटत नाही तिथेच आपली आवड कुठे घुसली ते सापडतं. मतभेदांची नोंद ठेवा, कापा (दोघींची मतं किती जुळली ते सांगणारा आकडा) काढा, तो मध्यम आला तरी लपवू नका. व्हायवात परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ याच पानावर घालवला.

आरओबी-२ च्या शेवटच्या भागासाठी, म्हणजे नेमकं काय छापायला निवडलं ते बघायला, सीटीआरआय उघडा. ही आपली ट्रायल्सची राष्ट्रीय नोंदणी, आयसीएमआरने जुलै २००७ मध्ये सुरू केलेली. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला पेशंट घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. त्याआधीच्या बऱ्याच नोंदी काम सुरू झाल्यावरच्या सापडतात. नोंदीत मुख्य मोजमाप काय ठरवलं होतं आणि पेपरात काय मुख्य म्हणून छापलं, हे शेजारी शेजारी ठेवून वाचायचं. सहा आठवड्यांचं दुखणं म्हणून नोंदवायचं आणि छापताना एका आठवड्याचं पुढे आणायचं, असं दिसलं की कपाळावर आठी पडायलाच हवी.

आणि ज्या ट्रायल्स नोंदल्या गेल्या पण कधी छापल्याच नाहीत, त्या? त्यांचं आपल्या शोधात काहीच येत नाही. एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नैराश्यावरच्या औषधांच्या, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेकडे नोंदलेल्या ७४ अभ्यासांचा माग काढला. छापील वाङ्मय वाचणाऱ्याला ९४ टक्के ट्रायल्स यशस्वी दिसत होत्या. एफडीएच्या स्वतःच्या विश्लेषणात ५१ टक्के. टाचेच्या पट्टीच्या मागे औषधकंपन्यांइतका पैसा नाही, पण एमपीटीचे प्रबंध कपाटात राहतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको. नकारात्मक निकालाचा प्रबंध छापायला कोण धडपडतं?

ट्रायल्सचे आकडे एकत्र करण्याच्या आकडेमोडीसाठी एका सांख्यिकीतज्ज्ञ सरांना आठ हजार दिले. ते देण्याआधी तुमची डेटाची शीट स्वच्छ करा. माझ्या दोन पेपरांत सरासरीपुढे अधिक-उणे चिन्ह होतं पण ते प्रमाण विचलन (पेशंटपेशंटमधला फरक) की प्रमाण त्रुटी (सरासरी किती डळमळीत ते) हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्रुटीला विचलन समजलात तर ती ट्रायल फार नेमकी दिसते आणि बाकीच्यांना दाबून टाकते. त्रुटीला पेशंटसंख्येच्या वर्गमुळाने गुणलं की विचलन मिळतं. आधी लेखकांना विचारा. एका लेखकाने रविवारी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या मूळ शीटचा फोटो पाठवला, दुसऱ्याने आजवर उत्तर दिलेलं नाही.

आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली ओळ. दोन प्रकारच्या टेप वेगळ्या मांडल्या तर निकाल कुठे धड ठरेना. सरांनी सहज म्हणून दोन्ही एकत्र करून दाखवल्या, आणि फॉरेस्ट प्लॉटमधला (सगळ्या ट्रायल्सचे निकाल दाखवणाऱ्या आलेखातला) हिरा, म्हणजे एकत्रित निकाल, सुबकपणे "फरक नाही" या रेषेच्या एका बाजूला येऊन बसला. टेप जिंकली! माझ्या ज्युनिअरचेही डोळे चमकले. पण प्रॉस्पेरोवर तारखेसह लिहून ठेवलं होतं, वेगळ्या मांडणार. एकत्र केलेलं चित्र आम्ही परिशिष्टात, "आधी न ठरवलेलं विश्लेषण" असं वर लिहून टाकलं. मुख्य निष्कर्ष असा राहिला: पहिल्या आठवड्याच्या आसपास दुखण्यात थोडा फरक पडत असावा, त्यापुढचं फारसं कुणी मोजलेलं नाही, आणि ग्रेड या पुराव्याची खात्री ठरवण्याच्या पद्धतीने ती खात्री "कमी". ग्रेडमध्ये रॅंडमाइझ्ड ट्रायल्स "उच्च" वरून सुरू होतात. आम्ही एक पायरी पक्षपाताच्या धोक्यासाठी उतरलो, एक नेमकेपणा नसल्यामुळे.

"कमी" हा शब्द प्रबंधात लिहिताना मला जड गेलं, खोटं कशाला बोलू. दीड वर्ष घासून "नक्की सांगता येत नाही" असं लिहायचं! मॅडम म्हणाल्या, "तेच उत्तर आहे." मग सही केली.

मे २०२५ मध्ये प्रबंध जमा केला. बाइंडिंग, रंगीत पानं, साहित्यचौर्याचा अहवाल मिळून सहा हजार. व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "फनेल प्लॉट का नाही?" (न छापलेल्या अभ्यासांचा अंदाज घ्यायचा आलेख.) दहापेक्षा कमी अभ्यास असले तर त्यावरून काही बोलू नये असा संकेत आहे, हे उत्तर तयार ठेवा, कारण हा प्रश्न हमखास येतो.

क्लिनिकमध्ये चरईच्या एका काकूंनी परवा विचारलं, "झाला ना अभ्यास? मग ती पट्टी लावायची की नाही?" मी सांगितलं, "आठवडाभर थोडं हलकं वाटेल कदाचित. पोटरीचे आणि तळव्याचे ताण मात्र चुकवायचे नाहीत." त्या म्हणाल्या, "लाव मग, आठवडाभर तर आठवडाभर." लावली.

पेपर एका जर्नलकडे पाठवलाय. छापण्याची फी घेत नाही असं जर्नल मुद्दाम निवडलं. स्वीकृतीच्या आधीच पैशांच्या ईमेल पाठवणाऱ्यांपासून लांब राहा. तिथल्या समीक्षकाने शोध वर्षभर जुना झाला म्हणून पुन्हा करायला सांगितला, तेव्हा लायब्ररीतल्या मॅडमच्या त्या फाइलीमुळे ते काम एका दुपारीत झालं. उत्तर अजून यायचंय. सर्च स्ट्रिंगचा नमुना आणि डेटा काढायची एक्सेल शीट कुणाला हवी असेल तर मेसेज करा, पाठवते. शीट कोरी मिळेल.